‘आपण’ नावाचं गाव

सन मून लेकला जायचं म्हटल्यावर मुलगा फारसा खूश नव्हता. "आई, तळं आहे, बोट आहे, गर्दी आहे. दोन तासांत बघून होतं." तैवानमध्ये चार वर्षं काढल्यावर त्याला सगळंच दोन तासांत बघून होतं. शिंचूतल्या त्याच्या चिपच्या कारखान्यात रोज जे बारा-बारा तास जातात, त्याबद्दल मात्र तो असं कधी म्हणत नाही.

मला तळ्याचं एवढं नव्हतं. जाण्याआधी कुठेतरी वाचलं होतं की त्या तळ्याकाठी थाओ नावाचा जेमतेम आठशे माणसांचा समाज राहतो आणि त्यांची भाषा लहानपणापासून बोलत आलेली माणसं आता बोटांवर मोजता येतील. तेवढ्यासाठी जायचं होतं. असलं वेड मला का, ते पुढे येईलच.

शिंचूहून आगगाडीने तैचुंग अर्ध्या तासात आलं. तिथून मुलाचा एक सहकारी मित्र गाडी घेऊन आला. तो तैचुंगचाच, हौशी आणि बोलका. दुभाष्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. डोंगर चढायला लागल्यावर दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा सुरू झाल्या. डोळे किलकिले केले तर थेट श्रीवर्धन. मी अकोल्याची, सुपारी पानात बघितलेली, तरी मला कोकणच आठवलं.

तळं समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे. सकाळी अकरा वाजेतो धुकं हललं नव्हतं. धक्क्यावर मशरूम घालून उकळलेली चहाची अंडी मिळतात, तपकिरी, तडकलेल्या कवचाची. ती खाल्ली. त्यावर बिनदुधाचा लाल चहा प्यायले. त्याला किंचित दालचिनी-पुदिन्याची चव येते. मित्र म्हणाला, हा तुमचाच चहा. झालं असं की 1925 साली जपान्यांनी आसामचं बी आणून इथे लावलं, आणि आत्ताची ही जात ब्रह्मदेशच्या मोठ्या पानाच्या चहाचा इथल्या रानटी चहाशी संकर करून केलेली. ‘तुमचाच’ म्हणाला म्हणून मी कौतुकाने मान हलवली. आसाम माझं कधीपासून झालं, हा प्रश्न बोटीत बसल्यावर पडला.

बोटीतला माणूस ध्वनिक्षेपकावर मँडरिनमध्ये अखंड बोलत होता. मधल्या बेटाजवळ बोट हळू झाली. बेट कसलं, मूठभर उंचवटा आणि त्यावर झाडं. आता प्रवाशांना तिथे उतरू देत नाहीत. थाओंचा सर्वांत थोर पूर्वज-आत्मा, पथलार, इथेच राहतो. घराघरांतले विधी करणाऱ्या बायका असतात, त्यांना शिनशी म्हणतात. नव्या शिनशीला दीक्षा घ्यायला इथेच यावं लागतं.

या बेटाला जितकी नावं मिळाली, तितकी राज्यं तळ्यावरून गेली. थाओंचं नाव लालू. चिनी आमदानीत ते मोत्याचं बेट झालं. 1895 ला जपानी आले, त्यांनी तामाशिमा म्हटलं आणि वर आपलं देऊळ बांधलं. 1945 नंतर ते ग्वांगह्वा झालं. पुढे 1978 मध्ये तिथे लग्नं जुळवणाऱ्या चिनी देवाची स्थापना झाली आणि नवपरिणित जोडपी फोटो काढायला जाऊ लागली. पूर्वजांच्या अंगणात हनिमूनवाले! 21 सप्टेंबर 1999 ला रात्री पावणेदोनच्या सुमारास मोठा भूकंप झाला. त्यात तैवानभर चोवीसशेच्या वर माणसं गेली आणि या तळ्याकाठची घरं पडली. लग्नवाला देवही बेटावरून हलला. त्यानंतर कुठे बेटाला परत लालू म्हणू लागले.

बेट मुळात एवढंसं नव्हतं. जपान्यांनी वीज काढायला 1919 साली काम सुरू केलं, मध्ये पैशांवाचून ते रखडलं आणि 1934 ला पुरं झालं. डोंगरातून पंधरा किलोमीटरचा बोगदा खणून नदीचं पाणी तळ्यात आणलं. पाणी वीसेक मीटर चढलं. शेतं गेली, घरं गेली, बेट बहुतेक बुडालं. लोकांना उठवून पलीकडच्या काठावर बरावबाव म्हणून जागा होती तिथे बसवलं. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, धरणग्रस्त. मित्राला मी तो समजावून सांगितला, तर तो म्हणाला, आमच्याकडे असा शब्द नाही. मला वाटलं, ज्या देशाला या शब्दाची गरज पडली नाही तो भाग्यवान. पण इथे तर गरज पडली होती.

त्या बरावबावचंच आजचं नाव इता थाओ. बोट तिथल्या धक्क्याला लागते.

खरी गोष्ट इथून सुरू होते. धक्क्यावर रोमन अक्षरांत मोठं नाव लिहिलंय. मित्राने अर्थ सांगितला: "आम्ही थाओ. थाओ म्हणजे माणूस." मी विचारलं, आम्ही की आपण? त्याला प्रश्न कळेना. मुलाने इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, तर इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. हिंदीतही ‘हम’ म्हणून गप्प बसावं लागतं. शेवटी मी हातवारे केले. हे बघ, मी आणि माझा मुलगा, तू नाही, ते ‘आम्ही’. मी, मुलगा आणि तूही, ते ‘आपण’. तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "अरे, हे तर आमच्या आजीच्या भाषेत आहे!" त्याच्या आजीची भाषा ताइगी, म्हणजे होक्कियन या चिनी भाषेचं तैवानी रूप. त्यात ‘गुन’ म्हणजे आम्ही आणि ‘लान’ म्हणजे आपण. शाळेच्या मँडरिनमध्ये हा फरक त्याने कधी केलाच नव्हता.

थाओमध्ये ‘यामिन’ म्हणजे आम्ही आणि ‘इता’ म्हणजे आपण. गावाचं नाव ‘आपण थाओ’ असं आहे. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्यालाही आत घेतलंय, आणि ऐकणारे आम्ही सगळे कॅमेरेवाले. वेशीवर असं नाव लिहिणं आतिथ्याचं म्हणावं की नाव ठेवणाऱ्याला फक्त आपलीच माणसं ऐकताहेत असं वाटलं असेल? मला दुसरं जास्त खरं वाटतं.

गाव म्हणजे एक मुख्य गल्ली, धक्क्यापासून वर जाणारी. रानडुकराचे सॉसेज, बाजरीसारख्या दाण्यांची दारू, मोची नावाचे चिकट तांदळाचे मऊ गोळे, भेटवस्तू. दुकानदार बहुतेक हान चिनी, म्हणजे ज्या गावाचं नाव ‘आपण थाओ’ त्या गावात थाओ थोडे. भिंतींवर पांढऱ्या हरणाची चित्रं आहेत. पूर्वज आलीशानच्या बाजूने पांढऱ्या हरणामागे धावत धावत या तळ्यापाशी पोचले आणि इथलेच झाले, अशी कथा आहे. सरकार कित्येक वर्षं थाओंना त्याच आलीशानकडच्या त्सोऊ समाजात मोजत होतं. वेगळा समाज म्हणून नोंद झाली ती 2001 च्या ऑगस्टमध्ये, दहावा मूळनिवासी समाज म्हणून. आता असे सोळा आहेत.

दुपारी नाचगाण्याचा कार्यक्रम झाला. लांब-आखूड मुसळं घेऊन बायका दगडावर आपटतात, प्रत्येक मुसळाचा सूर वेगळा, आणि बांबूचे तुकडे मधून घुमतात. ऐकायला फारच सुंदर. पण निवेदन मँडरिनमध्ये, टाळ्या मागणंही मँडरिनमध्ये. इथे प्रवाशांपुढे नाचायची चाल जुनी आहे. पन्नास-साठच्या दशकात ‘माओ राजे’ म्हणून थाओंचे एक पुढारी पोशाख करून पाहुण्यांबरोबर फोटो काढून घ्यायचे. मला असले कार्यक्रम बघवत नाहीत. मी मध्येच उठले. खऱ्या मुसळांची रात्र वर्षातून एकदाच असते, चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या शेवटच्या रात्री. दुसऱ्या दिवशी त्यांचं वर्ष सुरू होतं. मी मनात तिथी लावून बघितली, तर बहुतेक वर्षी ती आपली पोळ्याची अमावास्या पडते. आम्हा वऱ्हाडी माणसांना त्या दिवसाचं वेगळं सांगायला नको.

उठले म्हणून ती बाई भेटली. गल्लीच्या वरच्या टोकाला, स्टूल टाकून, मोचीचे गोळे पिठात घोळवत होती. वय सत्तरीच्या पुढे. मी पाच मिनिटं नुसती उभी राहून ऐकत होते. बाजूच्या दुकानदाराशी ती ताइगीत भांडत होती. नातवाला फोनवर मँडरिनमध्ये रागावली. एक जपानी जोडपं आलं, तर किंमत जपानीत सांगितली. मित्राने अदबीने विचारलं, आजी, थाओ येते का? तिने पीठ झटकलं आणि म्हणाली, "मोजता येतं. जेवायला बोलावता येतं. आणि शिव्या येतात."

मोजा, म्हटलं.

"तता, तुशा, तुरू, श्पात, रिमा." रिमाला तिने पंजा पसरून दाखवला, कारण रिमा म्हणजे पाच आणि रिमा म्हणजे हात. आपला पंजा तरी दुसरं काय करतो? पुढे "कतुरू, पितू, कश्पात, तनाथू, मकथिन."

बत्तीस वर्षं बँकेत नोटा मोजल्यात मी. आकडे कानावर पडले की बोटं हलतात. मी तिला परत म्हणायला लावलं. तुरू तीन आणि कतुरू सहा. श्पात चार आणि कश्पात आठ. "अहो, हे तर बे त्रिक सहा आणि बे चोक आठ!" मी ओरडलेच. मित्राने भाषांतर केलं. बाईने स्वतःशी आकडे पुटपुटले, एकदा, दोनदा, आणि मग जोरात हसली. सत्तर वर्षं म्हणत आलेले आकडे, त्यांच्या आत काय आहे ते तिने उघडून बघितलं नव्हतं. आपण तरी ‘एकोणीस’ कधी उघडून बघतो?

मग तिने माझी परीक्षा घेतली. थाओ म्हण. मी म्हटलं, थाओ. नाही. परत म्हण. आपला ‘थ’ तिला चालेना. जिभेचं टोक दातांमध्ये धरून हवा सोडायची, मग तो येतो. मला आला नाही. मँडरिनमध्येही तो ध्वनी नाही, म्हणून सरकारी कागदावर हे लोक ‘शाओ’ आहेत. स्वतःचं नाव नीट म्हणता येणारी माणसंसुद्धा आता कमी, असं ती म्हणाली. हे सांगताना चेहऱ्यावर खंत वगैरे काही नव्हती. मोचीला पीठ लावत होती.

तिची आई बुनुन होती. बुनुन हा वरच्या डोंगरातला मोठा समाज, त्यांची भाषाही थाओच्याच कुळातली, पण वेगळी. थाओ घरांत बुनुन सुना पुष्कळ आल्या आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात शब्दही आले. वडील थाओ, शेजार हान. वडील-आजोबा थाओ बोलत, आई बुनुन बोले, बाजारात ताइगी लागे. थोरल्या भावंडांच्या वेळी शाळा जपानी होती, हिच्या वेळी मँडरिन. त्या काळी तैवानच्या शाळांमधून घरची भाषा बोललं की दंड होई किंवा गळ्यात पाटी अडकवत. 1987 ला लष्करी कायदा उठेपर्यंत हेच वळण होतं. हिला पाटी मिळाली होती का, विचारलं. म्हणाली, मिळाली, पण ताइगी बोलल्याबद्दल. "थाओ बोलायला वर्गात दुसरं होतं कोण?"

मला हे वाक्य फार दिवस पुरणार आहे. आपण समजतो, भाषा सरकार मारतं. सरकारने मारलं ते खरंच, पण मास्तराची छडी पोचायच्या आधी शेजारणीची हाक पोचली होती. ताइगीने शाळा उघडली नव्हती की कायदा केला नव्हता. तिच्यात नुसता बाजार होता, सासर होतं, उधारी होती.

हवाईचे भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी इथल्या म्हाताऱ्यांबरोबर बसून थाओचा शब्दकोश केला. तो 2003 साली तैपेच्या अकादेमिया सिनिका या संशोधन संस्थेने छापला, अकराशेवर पानांचा. त्या सुमाराला भाषा नीट बोलणारे पंधराएक उरले होते. माणशी सत्तर पानं पडली म्हणायची! ब्लस्ट यांना एक गोष्ट दिसली. या भाषेत क्रियापद आधी येतं, म्हणजे ‘खाल्ला मी मासा’. पण ही माणसं ‘मी खाल्ला मासा’ असंही म्हणत, ताइगीच्या वळणावर. शब्द थाओ, रांगेत उभं राहायची पद्धत शेजाऱ्याची.

आणि गंमत अशी की ताइगीचंही आता काही खरं नाही. आमच्या मित्राला आजीचं बोलणं कळतं, उत्तर तो मँडरिनमध्ये देतो. त्याच्या मुलीला कळतही नाही. तळ्यातच बसून हे ऐकताना मला आपला ‘मत्स्यन्याय’ आठवला. फक्त इथे मोठ्या माशालाही मागे वळून बघावंसं वाटत होतं.

आता माझं वेड. नोकरीत सात वर्षं मी बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदला होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बाजाराच्या दिवशी माणसं यायची. त्यांत निहाल असत. निहाली ही भाषा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेची बहीण असल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही. बोलणारे दोनेक हजार धरतात. मला त्या वेळी यातलं काहीही माहीत नव्हतं. खिडकीसमोर दोन बाया आपसात काहीतरी बोलत होत्या, मी विचारलं, हे काय बोलता? एकीने पटकन सांगितलं, "कोरकू हाय बाई." दुसरी मान खाली घालून हसली. कोरकू मला कानाने ओळखीची होती, ती ही नव्हे एवढं कळलं होतं. मी म्हटलं, मराठीत बोला म्हणजे मलाही कळेल, स्लिप भरून देते. त्या लगेच मराठीत बोलल्या. मी स्लिप भरून दिली. माझं वागणं चांगलंच होतं. मोचीवालीच्या शेजारचा दुकानदारही चांगलाच असणार.

मोचीवालीने निघताना एक दार दाखवलं. आत भिंतीला वेताची टोपली टांगलेली होती. उलालालुआन म्हणतात तिला. प्रत्येक थाओ घरात ती असते आणि तिच्यात पूर्वजांचे कपडे, दागिने जपून ठेवलेले असतात. सणाला टोपल्या एकत्र मांडतात, शिनशी बसतात आणि त्या त्या घरच्या पितरांना नावाने हाका मारून जेवायला बोलावतात, अर्थात थाओमध्ये. मी विचारलं, मँडरिनमध्ये बोलावलं तर? बाई म्हणाली, "त्यांना कुठे येते?" गावातल्या शाळेत आता थाओचे तास होतात, मुलं गाणी म्हणतात, 2017 पासून मूळनिवासी भाषांसाठी कायदाही आहे. तिचा नातूही दोन-चार वाक्यं शिकून आलाय. तो ती तिच्याशी बोलतो का? "मला जेवायला बोलावतो," ती म्हणाली. "उच्चार वाईट आहेत."

संध्याकाळी परतताना मित्राने गाडीत एक गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन ताडून बघितली. मादागास्करपासून हवाई आणि ईस्टर बेटापर्यंत पसरलेलं बाराशेवर भाषांचं हे ऑस्ट्रोनेशियन कुळ, थाओ त्यातलीच. ब्लस्ट यांनी त्याच्या मुळाच्या दहा शाखा मांडल्या, त्यांतल्या नऊ एकट्या तैवानात. थाओ ज्या शाखेवर बसते, तिच्यावरच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या बाकी भाषा केव्हाच गेल्या. म्हणजे हे शेवटचं पान नाही, ही फांदीच आहे.

शिंचूला मुलाच्या इमारतीखाली छोटी बाग आहे. तिथे रोज दुपारी एक फिलिपिनो बाई चाकांच्या खुर्चीतल्या एका आजींना उन्हात आणून बसवते. आजी नव्वदीच्या असतील, फारसं बोलत नाहीत. त्या बाईची आणि माझी मोडक्या इंग्रजीवर मैत्री झालीय. तळ्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे पंजा धरला आणि म्हटलं, रिमा. ती दचकली. "लिमा!" मग मी सात बोटं दाखवली, पितू. "पितो!" मी दातांत जीभ धरून जमेल तसं थाओ म्हटलं. ती म्हणाली, "ताओ? माणूस?" आम्ही दोघी बोटं नाचवत हसत सुटलो.

आजी मान वळवून आमच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मांडीवरचा हात उचलला, अंगठा मिटला आणि शाळेतल्यासारख्या खणखणीत आवाजात सुरुवात केली, "इची, नी, सान, शी, गो..." जपानीत, थेट दहापर्यंत. दहा झाल्यावर त्यांनी मूठ उघडली आणि परत पहिल्यापासून.